मोहाखालची झाडलेली जागा

पुण्याहून निघालेली ट्रॅव्हल्स दिग्रसला पोचली तेव्हा उन्हाचा पहिला पट्टा दुकानांच्या शटरवर पडला होता. रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. प्रियंका मात्र माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती, आणि खांदा अवघडला तरी तिला उठवणं मला जमलं नव्हतं.

प्रियंका हॉस्टेलमधली माझी रूममेट. ती एका दवाखान्यात नर्स आहे. मी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आमच्या खोलीत बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं माझं, अशी वाटणी पहिल्या आठवड्यातच झाली. पाचवीच्या परिसराच्या पुस्तकासाठी मला अन्नजाळ्याचं चित्र काढायचं होतं. कोण कोणाला खातं, कोण कोणावर जगतं, ते बाणांनी जोडून दाखवायचं. असं चित्र मी आधीही काढलं होतं: गवत, हरीण, वाघ, दोन बाण. मी इंग्रजी शाळेत शिकले, तिथल्या पुस्तकातही हेच होतं, फक्त वाघाच्या जागी सिंह. या वेळी संपादकबाई म्हणाल्या, "जरा प्रत्यक्ष बघून काढ." मी खोलीवर येऊन हे सांगितलं तेव्हा प्रियंका बॅग भरत होती. "मग चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "मोहाची फुलं पडायला लागलीत. आमच्याकडे सगळेच एकमेकांना खातात."

बसस्टँडकडे चालताना जिनिंगचा रस्ता लागला. कापसाच्या गाड्यांची वर्दळ आता कमी झाली होती, पण रस्त्याकडेच्या बाभळींना काट्याकाट्यावर कापूस अडकून राहिला होता. एक इवलासा शिंपी पक्षी त्यातले पुंजके ओढून काढत होता. चोचीत मावेना इतका कापूस घेऊन तो कुंपणापलीकडे गेला. मी थांबून बघत राहिले.

"मिळाला पहिला बाण?" प्रियंकाने विचारलं.

"पण तो कापूस खात नाहीये. घरटं करतोय."

"मग काय झालं? घर लागतंच की सगळ्यांना."

गवत, हरीण, वाघ या चित्रात घरासाठी बाण नव्हता. मी तो मनातल्या वहीच्या कोपऱ्यात काढून ठेवला.

लाल बसने फाट्यापर्यंत आणि पुढे काळीपिवळी जीपने आम्ही तांड्यावर पोचलो. काळीपिवळीत माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती. ती कोणाची, हे विचारायचा मला धीर झाला नाही, आणि उतरताना एका बाईने ती न बोलता उचलून घेतली. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता इथे कापूस, तूर आणि थोडी हळद करतात. घरं टेकडीच्या पायथ्याशी, शेतं खाली उतारावर, आणि घरांच्या मागे साग, पळस, तेंदू, धावडा यांचं विरळ जंगल. साग पार निष्पर्ण झालेला. पळसाची फुलं संपत आलेली. आणि या सगळ्यावर एक वास पसरलेला, गोड, जरा आंबूस, उन्हात ठेवलेल्या काकवीसारखा.

"मोह," प्रियंका म्हणाली आणि तिने छाती भरून श्वास घेतला.

तिची आई शेवंतामावशी दारातच उभ्या होत्या. मुलीकडून त्या याडी (आई) म्हणवून घेतात, मला मात्र मावशी म्हणायची परवानगी मिळाली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही थे चित्रवाली? लय बारीक हाये व माय. जेवत नाही का?"

"जेवते. बोलत नाही," प्रियंका म्हणाली.

"बरं हाये. एका घरात दोन बोलनाऱ्या कायले पाह्यजे?"

मला वाटलं होतं, आता पाणी, चहा, बसणं होईल. पण प्रियंकाने बॅग ओट्यावर टाकली आणि सरळ मागच्या उताराकडे निघाली. मावशीही तिच्या मागे. मग मीही.

उतारावर, घरापासून हाकेच्या अंतरावर मोहाची दोन मोठी झाडं होती. खालचं मावशींचं. वरचं शेजारच्या धरमाकाकांचं. आणि दोघांच्या मधे, बाभळीच्या काट्यांच्या गोल कुंपणात, माझ्या कमरेएवढं एक रोप. सरळ खोड, टोकाला तांबूस कोवळ्या पानांचा झुबका. प्रियंका कुंपणाबाहेर उकिडवी बसली आणि लहान मुलाची उंची बघावी तसं तिने त्याला न्याहाळलं.

"जगलं," ती म्हणाली.

"अजून तरी," मावशी म्हणाल्या.

मग चहा पिताना मला ती गोष्ट कळली. या तांड्यात मुलीचं लग्न ठरलं की हळदीच्या दिवशी तिला एक मोहाचं झाड दाखवतात. दाखवतात म्हणजे देतात. त्यानंतर दर वर्षी मोह पडायच्या दिवसांत ती आपल्या झाडाची फुलं वेचायला माहेरी येते, आणि तिला कोणी अडवत नाही. सासूही नाही. मोठी लेक मनीषा हिला घरचं, म्हणजे खालचं, झाड दिलं होतं. यंदा ती बाळंतपणामुळे येऊ शकली नव्हती, म्हणून तिच्या वाटची फुलं आम्ही वेचायची होती. प्रियंकाचं लग्न अक्षय तृतीयेनंतर ठरलं होतं, आणि तिला दाखवायला झाड नव्हतं. होतं ते हे रोप. तिच्या दहावीच्या वर्षी ते आपलं आपण उगवलं आणि मावशींनी त्याला काटे लावले.

"दुसरं एखादं द्यायचं," मी हळूच म्हटलं.

"दुसरं कुठी हाये? पाह्य ना तू फिरून."

मी संध्याकाळी फिरून पाहिलं. सगळ्या उतारावर मोह होते, पण सगळे जुने. दोन माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे, गाठाळ फांद्या. रोपटं एकही नाही. एखाद्या गावात फक्त म्हाताऱ्यांचीच बैठक बसावी आणि पोरांचा आवाज कुठूनच येऊ नये, तसं ते जंगल होतं. आणि जवळपास प्रत्येक मोहाखाली जमीन काळी होती. फुलं पडायच्या आधी लोक झाडाखालचा पाला जाळतात. मग मोकळ्या जागेवर पडलेली पिवळट फुलं चटकन दिसतात. पाल्याबरोबर पावसाळ्यात उगवलेलं रोपही जळतं. मोहाची बी, तिला इथे टोळी म्हणतात, तेलासाठी वेचून नेतात, त्यामुळे आधीच थोडी मागे उरते. उरलेल्याचं हे असं.

वर धरमाकाकांच्या झाडाखाली मात्र अजून पाला होता. सागाची पानं वाऱ्याने उडून येऊन घोट्याएवढा थर झाला होता. गेल्या वर्षी त्यांनी लावलेली आग उतरत उतरत काट्यांच्या कुंपणापर्यंत आली होती. मावशींनी घागर ओतून ती विझवली, पण रोपाची एक बाजू भाजली. त्या बाजूची साल अजून काळी आणि सुरकुतलेली आहे, मी बोट लावून पाहिली.

"यंदा तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"दोनदा सांगतलं. म्हने पाहू." मावशींनी संध्याकाळच्या चहाचा कप खाली ठेवला. "तिसऱ्यांदा नाही सांगत मी. आज नाही त उद्या पेटवते थो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आम्ही मनीषाच्या झाडाखाली होतो. मावशी पाला जाळत नाहीत, झाडतात. खराट्याने झाडून त्यांनी झाडाखाली गोल अंगणच केलं होतं आणि पाला उकिरड्यात टाकला होता. आकाश राखाडी होतं. फांद्यांवर वटवाघळांची शेवटची झटापट चालली होती. टप, टप असा मऊ आवाज येत होता. पावसाच्या थेंबांसारखा नाही, त्याहून जड. रसाने भरलेली फुलं एकेक करून खाली येत होती.

मावशींनी वर एक खडा भिरकावला. "मेले उष्टं करून राह्यले सगयं!"

मी सहसा कोणाला दुरुस्त करत नाही. पण ही एक गोष्ट मला पक्की माहीत होती. "मावशी, त्यांच्यामुळेच टोळी धरते. ते या फुलावरून त्या फुलावर तोंड नेतात, त्यांच्या तोंडाला पराग लागतो. आणि फळं खायला दूर घेऊन जातात, तिथे बी पडते."

मावशींनी पुन्हा फांद्यांकडे पाहिलं. "म्हंजे प्रियंकाचं रोप यायनंच आनून टाकलं?"

"बहुतेक."

"मंग जावयाच्या अगोदर यायले आहेर करा लागते," त्या म्हणाल्या. दुसरा खडा त्यांनी हातातच ठेवला. पण थोड्या वेळाने वटवाघळाने अर्धवट खाल्लेलं फूल त्यांच्या डोक्यावर पडलं, तेव्हा तो भिरकावलाच.

उजेड वाढला तसं माझ्या चित्रातलं गणित बिघडत गेलं. फुलं आम्ही वेचत होतो, आणि आमच्या आधी मुंग्या. झाडलेल्या जागेच्या कडेला चितळाच्या खुरांचे ठसे होते, ते पहाटे येऊन गेले असणार. वर पोपट. जरा पलीकडे अस्वलाची विष्ठा, तिच्यात मोहाचीच फुलं जवळपास जशीच्या तशी. प्रियंकाने ती काडीने उलटवून दाखवली तर तिच्या खाली शेणकिडे आधीच कामाला लागले होते. एका झाडापासून इतके बाण निघत होते की ते एकमेकांना कापल्याशिवाय काढता येणार नाहीत. हे सगळं बघत मी जिथे बसले ती मुंग्यांची वाट निघाली. पुढचा अर्धा तास मी नाचत होते आणि मायलेकी हसून हसून डालं (टोपली) धरून बसल्या होत्या.

"आता तूबी अन्नजाळ्यात आली," प्रियंका म्हणाली.

न्याहारीला ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तीळ घालून कुटलेल्या भाजक्या मोहफुलांचा लाडू होता. मनुकेसारखा गोड आणि पाठीमागून एक धुरकट चव. मी दोन खाल्ले आणि तिसरा मावशींनी न विचारता ताटात टाकला.

दुपारी मी रोपाशी बसून चित्र काढत होते. कुंपणाच्या आत मावशींनी पाला तसाच राहू दिला होता. तो मी बोटाने जरा उचलला. खाली माती ओली होती, एवढ्या उन्हात. वाळवीने पानांना चाळणी केली होती, एक गोम सरकन आत गेली, आणि पानापानांना शिवणारे बुरशीचे पांढरे धागे दिसत होते. शेतांपलीकडे खाली आणखी एक वस्ती आहे, तिथल्या लोकांच्या जळलेल्या झाडांखालची जमीन मी आदल्या दिवशी चाचपली होती. ती तव्यासारखी होती.

आता खरा गोंधळ झाला तो प्रसंग. तिसऱ्या दिवशी सकाळी फुलं वेचून झाल्यावर मावशी ती वाळत घालायला घरी गेल्या. प्रियंकाने वरच्या झाडाकडे पाहिलं.

"चल," ती म्हणाली. "काकांचं झाड झाडून देऊ. पालाच नसेल तर जाळतील काय?"

मला हे एकदम बरोबर वाटलं. आम्ही दोघींनी खराटे घेतले आणि तासाभरात सगळा पाला झाडून कडेच्या मोठ्या दगडाजवळ ढीग केला. तांबडी स्वच्छ जमीन दिसायला लागली. प्रियंका कमरेवर हात ठेवून आपलं काम बघत होती, तेवढ्यात काका आले. पांढऱ्या मिशा, लाल फेटा, हातात काठी. ते झाडलेल्या जागेच्या कडेला थांबले, आत पाऊल टाकलं नाही.

"हे कोनं झाडलं?"

"मी, काका. म्हटलं तुमची मेहनत वाचन."

"माही मेहनत?" त्यांचा आवाज चढला. "पोरी, तू माहं झाड घेऊन राह्यली, अन् वरून मेहनत वाचवली म्हनते?"

"झाड कुठी घेतलं? पाला त उचलला."

"पाला उचलला, मंग राह्यलं काय?"

प्रियंका गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, जणू मला माहीत असेल. आवाज ऐकून मावशी धावत आल्या. झाडलेली जागा बघून त्यांनी कपाळावर हात मारला आणि त्यांच्या गोरबोलीत, बंजारा भाषेत, लेकीला काहीतरी झटकन सुनावलं. मला त्यातलं प्रियंकाचं नाव तेवढं कळलं. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाल्या, "आमच्यात जो खाली झाडते नाही त जाळते, फुलं त्याची. तेच नाव, तेच कुंपन. दुसऱ्याच्या झाडाखाली झाडू मारनं म्हंजे थे झाड आपलं म्हननं. हिले काय माहीत? मोहाच्या दिवसांत हिची कायम परीक्षा राहे."

"रुकमा गेली म्हनून सोपं वाटलं का तुमाले?" काका म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट वाटलं. रुकमाकाकी त्यांची बायको. ती होती तोवर हे झाड तीच झाडायची. ती गेल्यापासून काका जाळत होते.

"चुकलं, भाऊ," मावशी म्हणाल्या. "पोर शहरातली झाली. पाला होता तसा करून देतो."

आणि खरोखर तेच करावं लागलं. आम्ही दोघी ढिगातला पाला डाल्यात भरून परत झाडाखाली पसरू लागलो. काका दगडावर बसून लक्ष ठेवत होते.

"तिकडे कमी झाला. अजून टाक."

"काका, तिकडे पहिलेबी कमीच होता."

"तू मोजला होता का व?"

थोड्या वेळाने ते म्हणाले, "सागाचं पान उलटं पडलं थे," आणि मिशीआड त्यांचा ओठ हलला. मला शंका आली की राग अर्धा उतरला आहे. पण पाला पसरून झाल्यावर त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली.

मावशी चालत जाऊन रोपाच्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचून. पाला आता हलकाफुलका होऊन पसरला होता, पूर्वीच्या दबलेल्या थराहून लवकर पेटणारा. आम्हीच त्याला तसं करून ठेवलं होतं.

"काका," प्रियंका म्हणाली, "थे रोप गेलं त मी कोनतं झाड पाहून माहेरी येऊ?"

काकांनी रोपाकडे पाहिलं. मग आपल्या झाडाकडे. "अन् मी जाळलं नाही त? खालच्या वस्तीवरचे येतीन, काळं दिसनार नाही, म्हनतीन म्हातारी गेली, झाड मोकयं झालं. एकदा वेचलं का मंग दर वर्षी वेचतीन. तुह्या काकीचं झाड हाये हे."

"मंग झाडा ना तुम्ही."

"कंबर वाकते का माही?"

प्रियंका नर्स आहे. हे वाक्य ती रोज ऐकत असणार. ती पळत घराकडे गेली आणि तिच्या वडिलांची चिंचा पाडायची वेळूची लांब काठी घेऊन आली. खराटा तिने काठीच्या टोकाला सुतळीने आवळून बांधला, पट्टी बांधावी तसा, गाठ नीट खेचून. मग तो काकांच्या पुढे जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही.

"वाकू नका. उभ्यानं झाडा. आमी हात लावत नाही."

काकांनी सुतळीची गाठ पायाच्या अंगठ्याने दाबून पाहिली. "दवाखान्यात असंच झाडतेत का?"

"हाव. तिथं त कोनाचीच कंबर वाकत नाही."

ते उठले. पहिले चार फटकारे नुसते धुळीतच गेले. बाई झाडते तसं त्यांना येत नव्हतं, पाला पुढे जायच्या ऐवजी त्यांच्याच पायावर यायचा. मावशी कुंपणापासून हलल्या नाहीत, पण तिथूनच ओरडल्या, "भाऊ, रुकमा पाह्यत असन त हसत असन!"

"हसू दे. लय दिवस झाले हसून तिले."

ऊन डोक्यावर येईपर्यंत ते झाडत राहिले, मधे मधे टेकत. आम्ही तिघी कडेला बसून होतो. मदत करायला हात शिवशिवत होते आणि करायची नव्हती. असं बसून राहणं मला चांगलं जमतं, पण प्रियंकाला ते फार जड गेलं. शेवटी पाला पुन्हा त्याच दगडापाशी गोळा झाला. काकांनी घाम पुसला आणि तांबड्या जमिनीकडे पाहून मान हलवली.

"दुरून दिसत नाही हे. काळं पाह्यजे."

मग ते ज्या दगडावर सकाळपासून बसत होते त्या सपाट काळ्या कातळाकडे त्यांनी काठीने दाखवलं. "इथं जाळू. राख झाडाखाली नेऊ."

त्यांनी काडी ओढायला हात नेला तेव्हा माझ्या गालाला वारा लागला. तो वरून खाली, थेट रोपाच्या दिशेने वाहत होता. मी वाट बघितली की दुसरं कोणी बोलेल. कोणी बोललं नाही.

"वारा इकडून आहे," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"ही बोलते?" काकांनी विचारलं.

"कामापुरतं," प्रियंका म्हणाली.

त्यांनी काड्यापेटी परत खिशात ठेवली आणि दगडाच्या वरच्या अंगाला, ठिणगी उडाली तरी दगडावरच अडेल अशा जागी, काठीने थोडा थोडा पाला ओढून तिथे जाळला. मी ओलं पोतं घेऊन उभी होते, त्याची गरज पडली नाही. राख निवल्यावर काकांनी ती डाल्यात घेतली आणि मुठीमुठीने झाडाभोवती पसरत एक गोल काढला. गोल जरा वाकडा आला. पण रस्त्यावरून, शेतातून, खालच्या वस्तीवरून, कुठूनही दिसेल असा काळा. रुकमाकाकीचं झाड कोणाचं आहे हे आता कोणालाही विचारावं लागणार नव्हतं.

निघायच्या सकाळी आम्ही लवकर उठून गेलो. काकांच्या झाडाखाली काळ्या गोलाच्या आत तांबड्या जमिनीवर पिवळी फुलं पडली होती, आणि काका काठीच्या टोकाने ती जवळ ओढत होते. वेचायचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता. "उमरखेडवरून पोरगा येनार हाये," ते म्हणाले, "थो वेचन. वाकाले त्याले काय झालं?"

मावशींनी प्रियंकाच्या हातात खराटा दिला. "झाड," त्या म्हणाल्या.

प्रियंकाने काट्यांच्या कुंपणाबाहेरून रोपाभोवती झाडलं. आतला पाला तसाच ठेवला. बाहेर हातभर रुंदीचा स्वच्छ गोल निघाला. त्या रोपाला अजून कित्येक वर्षं फूल येणार नव्हतं, वेचायला काहीच नव्हतं. तरी ती कोपरा न् कोपरा झाडत होती.

काका बघत होते. "फूल येवपर्यंत म्हातारी होशीन व तू."

"मंग माही पोरगी वेचन. तुमच्या काठीनं."

"माही काठी कायले? बापाची हाये थे तुह्या," काका म्हणाले, पण काठी त्यांनी परत दिली नाही.

मावशींनी मला लाडवांचा डबा दिला आणि सांगितलं, "येजो. बोलली नाही तरी येजो." मी हो म्हटलं. खरं तर मला अजून बरंच म्हणायचं होतं, पण काळीपिवळी हॉर्न वाजवत होती.

पुण्याच्या खोलीत आल्यावर मी चित्र काढायला बसले. मोह मधोमध. वटवाघूळ, मुंग्या, पोपट, चितळ, अस्वल, शेणकिडे. पाल्याखाली वाळवी आणि बुरशी, तिथून परत मोहाकडे जाणारा बाण. कोपऱ्यात चोचीत कापूस घेतलेला शिंपी. आणि झाडाखाली उभा लाल फेट्याचा माणूस, लांब काठीचा खराटा घेतलेला, भोवती वाकडा काळा गोल. त्याच्यापलीकडे काट्यांत एक लहान रोप.

संपादकबाईंना चित्र आवडलं. फोनवर त्या म्हणाल्या, "फक्त तो माणूस काढून टाक. त्याच्याकडून कुठलाच बाण जात नाही. मुलांना वाटेल, हा मधेच का उभा आहे?"

पलीकडच्या पलंगावर प्रियंका केस विंचरत होती. तिचा कंगवा थांबला. माझी सवय अशी की मी बरं म्हणते आणि खोडरबर हातात घेते.

"तो राहू दे," मी म्हणाले. "ती जागा त्याने झाडलेली आहे."